रात्रपाळी आणि प्रोटीन पावडर: किती, कधी, कशी

दुपारी दोनचा वडापाव आणि रात्री दोनचा वडापाव शरीराच्या लेखी एकच नसतो. रात्री मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक) चढलेलं असतं आणि तेव्हा स्वादुपिंडातून इन्सुलिन हात राखून सुटतं. त्यामुळे तोच पाव रक्तातली साखर जास्त चढवतो आणि ती उतरायलाही वेळ लागतो. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत टाइप २ मधुमेह जास्त आढळतो, त्यामागचं हे एक कारण. प्रोटीन पावडर शरीराचं हे बिघडलेलं घड्याळ दुरुस्त करत नाही. तिचं काम एवढंच की मध्यरात्रीच्या पाव, खारी, बिस्किटांची जागा घ्यायची. खालच्या वेळा रात्री १० ते सकाळी ६ या पाळीच्या आहेत.

१. आधी ताट मोजा, मग डबा विकत घ्या

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोला साधारण ५० ग्रॅम. चार पोळ्यांतून १२, दोन वाट्या घट्ट वरणातून १२-१३, वाटीभर दह्यातून ४, भात-भाजीतून ५-६. झाले ३५ च्या आसपास. उरलेले १५ ग्रॅम दोन अंडी आणि छोटा ग्लासभर दूध भरून काढतात. किंवा २५ ग्रॅम सुके सोया चंक्स आणि थोडे फुटाणे. पावडरची गरज खरी तर यातलं काहीच जमत नसेल तेव्हाच. स्नायू वाढवण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात, असं याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही म्हटलं आहे.

२. लेबल मागच्या बाजूने वाचा

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन) कॉन्सन्ट्रेट किंवा त्याहून शुद्ध आयसोलेट हवं. माल्टोडेक्स्ट्रिन (साखर झटकन चढवणारं पिष्ट) किंवा साखर वरच्या दोन-तीन नावांत दिसली तर डबा परत ठेवा. ‘मास गेनर’ तर रात्रपाळीवाल्याने घेऊच नये, त्यात प्रोटीनपेक्षा पिष्टच कितीतरी जास्त असतं. ग्लायसिन, टॉरिन वेगळे टाकलेले दिसले तरी सावध व्हा: चाचणीत नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवतात, म्हणून स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवता येतो. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २२ ते २५ ग्रॅम प्रोटीन ठीक. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक तपासा. दुधाने पोट फुगत असेल तर आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असतं.

३. वेळ पाळा

मुख्य जेवण घरून निघण्याआधी, आठ-साडेआठला. १२ ते ६ काही न खाता निभत असेल तर सगळ्यात उत्तम. नाही निभलं तर एकच्या सुमारास अर्धा ते एक स्कूप, २५०-३०० मिली गार पाण्यात. सोबत पोळी किंवा पोहे खायचेच असतील तर शेक आधी प्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी खा. व्हेमुळे पोट सावकाश रिकामं होतं, इन्सुलिनही आधी सुटतं आणि साखरेची उडी लहान होते. चार चमचे साखरेचं चॉकलेट दूध करून प्यायलात तर हा सगळा खटाटोप वाया.

शेकरमध्ये कोरडी पावडर न्या, पाणी कामावर घाला. घरून कालवून नेलेला शेक लोकलच्या उकाड्यात तासाभरात वास मारतो. गरम पाणी नको, गुठळ्या होतात. प्यायल्यावर लगेच विसळा आणि झाकणातली रबरी रिंग काढून धुवा, दुर्गंधी तिथेच दडते. पावसाळ्यात ओला स्कूप डब्यात गेला की पावडरीचा दगड झालाच म्हणून समजा.

शेवटची कटिंग दोनच्या आत. सहाला सुटल्यावर स्टेशनबाहेरची भुर्जी-पाव टाळा. एक वाटी उपमा किंवा इडली खाऊन झोपा, भरल्या पोटी आडवं पडलात तर आम्लपित्त ठरलेलं.

४. आधी डॉक्टर

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पावडर स्वतःच्या मनाने नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी विचारा, साखर अचानक खाली येऊ शकते. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियम असलेल्या शेकमध्ये चार तासांचं अंतर ठेवा.

५. तपासणीत इथे फसगत होते

पाळी संपवून सातला ‘उपाशीपोटी’ रक्त देणारे पुष्कळ आहेत, आणि चारला मारलेला चहा-बिस्किटाचा हात त्यांच्या लक्षातच नसतो. फास्टिंग म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. सुट्टीच्या दिवशी, रात्रीची झोप झाल्यावर रक्त द्या. एचबीए१सी या गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीला उपास लागत नाही, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कंबर महिन्यातून एकदा टेपने मोजा: पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासणार असाल तर पावडर घेत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.