‘नीतिशास्त्र’ म्हणजे नक्की कुठला कप्पा?

पंचवटीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात तत्त्वज्ञानाच्या कपाटावर ‘विचार’ अशी एकच चिठ्ठी होती. त्यात कांट, चार्वाक आणि व्यक्तिमत्त्व विकास, सगळे मांडीला मांडी लावून! ड्युई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या ग्रंथालयांच्या पद्धतीत, १६० तर्कशास्त्र, १७० नीतिशास्त्र, १८१.४ भारतीय तत्त्वज्ञान. पण वाचक आकडे सांगत नाहीत. ‘इच्छामरणावर काही आहे का हो?’ असं विचारतात.

म्हणून विषयवार नव्या चिठ्ठ्या लावल्या आणि प्रत्येक चिठ्ठीखाली लिहून टाकलं: इथे काय येतं, काय येत नाही. ‘नीतिशास्त्र’: बरं-वाईट कशावरून ठरवायचं याची चर्चा, व्रतवैकल्यं नाहीत. ‘उपयोजित नीतिशास्त्र’: इच्छामरण, गर्भपात, प्राण्यांवरचे प्रयोग. ‘विचार’ची चिठ्ठी काढूनच टाकली, तिच्यात काहीही खपत होतं.

खरं डोकं खाल्लं ते टिळकांच्या ‘गीतारहस्या’ने. १९१५ सालचा हा ग्रंथ गीतेवरचा, पण त्यात मिल, कांट या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या नीतिविचारांशी तुलनाही आहे. नोंदवहीत त्याला दोन्ही विषय दिले, पुस्तक मात्र भारतीय तत्त्वज्ञानात ठेवलं. ग्रंथपाल काका अजून कुरकुरतात, ते १७० लाच हवं होतं म्हणून.