शेकानंतर खोकला आला तर आधी फाइल काढा

ताईला स्तनाच्या कॅन्सरसाठी 15 शेक (रेडिएशन) दिले, एकूण 40 ग्रे (किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात). दहाव्या आठवड्यात कोरडा खोकला सुरू झाला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे दोन जिने चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहायची. एका दवाखान्यात एक्स-रेवरचा डाग पाहून थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. शेक झालेत हे आम्हीही सांगितलं नव्हतं. ते प्रकरण संपलं असंच धरून चाललो होतो.

म्हणून शेक संपले की रुग्णालयाकडून उपचाराचा कागद मागून घ्या. त्यावर किती ग्रे, किती शेक, छातीच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या तारखांना दिले, हे हवं. खोकला घेऊन कुठेही गेलात तरी तो कागद आधी पुढे करा. शेकाने फुफ्फुसाला येणारी सूज बहुधा 1 ते 6 महिन्यांत दिसते, मागे राहणारा व्रण (फायब्रोसिस) त्यानंतर हळूहळू घट्ट होतो. ताईच्या सीटी स्कॅनवर डागाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, कारण डाग किरणांच्या वाटेनेच पडला होता. शेक देणाऱ्या डॉक्टरांनी ते बघताच ओळखलं.

सूज असेपर्यंत स्टेरॉइड उपयोगी पडतं. बरं वाटलं की गोळी सोडू नका, डॉक्टर सांगतील तशीच कमी करत न्या. ताईने घाई केली आणि आठवड्यात खोकला परतला. स्टेरॉइडने साखर वाढू शकते, तीही तपासत राहा. ताप आला किंवा धाप वाढली तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

कमाटी बागेत फुलांच्या घड्याळापर्यंत चालून आलो की मी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तिचा ऑक्सिजन बघून वहीत लिहिते. बसून आणि चालून, दोन्ही आकडे लिहा. नेलपॉलिश आधी पुसा, नाहीतर आकडा चुकू शकतो.

एकदा घट्ट झालेला व्रण स्टेरॉइडने जात नाही. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं कारण न कळणाऱ्या फुफ्फुस-व्रणासाठी अमेरिकेत 2014 साली मंजूर झाली. त्यांनी व्रण वाढण्याचा वेग कमी होतो. शेकाच्या व्रणावर त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत, पण तो अजून ठरलेला उपचार नाही. कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणीत कुणालाही फुकट पाहता येतात. ताईला बसेल अशी चाचणी अजून सापडलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा शोधते.