जुने पंक-स्का बँड मित्रांच्या गळी कसे उतरवायचे

कॉलेज रोडवरच्या खोलीत चार जण जमले की एकदम पन्नास गाणी लावू नका. बारा पुरे, पस्तीस मिनिटांच्या आत. पंक म्हणजे वेगवान, रांगडं रॉक; त्यातल्या रामोन्स या अमेरिकी बँडच्या १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी आहेत, तीही अर्ध्या तासाच्या आत!

सुरुवात स्कापासून, म्हणजे जमैकातल्या नाचाच्या संगीतापासून करा. नाशिक ढोलावर वाढलेल्या कानाला ठेका लगेच सापडतो, फक्त जागा बदललेली असते. ‘एक-आणि-दोन-आणि’ मोजा; गिटारचा झटका ‘आणि’वर पडतो. टाळी आकड्यावर आणि झटका ‘आणि’वर, हे एकदा जमलं की निम्मं काम झालं. आधी जमैकाचे स्कॅटलाइट्स (१९६४), मग इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे स्पेशल्स (१९७९), मग कॅलिफोर्नियाचे ऑपरेशन आयव्ही. हाच ठेका पंकच्या वेगात कसा शिरला, ते समजावून सांगावं लागत नाही. पिक्सीज हा अमेरिकी रॉक बँड शेवटी ठेवा: शांत कडवं, अचानक गोंगाट.

फसतं कुठे? फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि स्का पोकळ वाटतो. निदान बरा ब्लूटूथ स्पीकर हवाच. क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यावर पुढचं चढवणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर दीड मिनिटाच्या गाण्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही खाल्ले जातात. जुनं रेकॉर्डिंग हळू आवाजात आणि नव्वदीनंतरचं रीमास्टर (जुन्याच रेकॉर्डिंगची नव्याने सुधारलेली आवृत्ती) मोठ्या आवाजात वाजतं, म्हणून आवाज समान ठेवणारी सेटिंग चालू करा.

व्हॉट्सॲपवर नंतर तीनच लिंक पाठवा. पूर्ण यादी कोणी उघडत नाही.