जिरेनियमचं बी नवरात्रातच ट्रेमध्ये टाका

पाऊस ओसरला आणि पहाटे जरा गारवा जाणवू लागला की जिरेनियमच्या पेरणीची वेळ झाली. बी टाकल्यापासून पहिलं फूल दिसायला साडेतीन-चार महिने लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेलं जानेवारीअखेर फुलायला लागतं. दिवाळी उलटल्यावर पेरलं, तर फुलं येता येता उन्हाळा गाठतो. पुणे, नाशिक, सातारा या भागाला हा हंगाम चांगला मानवतो. कोकणातल्या दमट हवेत मात्र वाफे करू नका, कुंड्यांपुरतंच ठेवा.

बी मागताना फुलांचं जिरेनियम असं स्पष्ट सांगा. तेलासाठी शेतात लावतात ते सुगंधी जिरेनियम वेगळं, त्याची रोपं फांदीच्या तुकड्यांपासून करतात. आपल्याला हवं त्याचं पान गोलसर असतं आणि बहुतेक जातींत पानावर गडद रंगाचं कडं उमटतं. याचं संकरित बी महाग असतं, म्हणून ट्रेच्या एका कप्प्यात एकच दाणा टाका. आपल्या झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरायचा विचार असेल तर सोडून द्या, संकरित जातीत तोच रंग आणि तीच ठेवण पुन्हा मिळत नाही.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, थोडं चाळलेलं गांडूळखत मिसळा. मूठभर घेऊन घट्ट दाबलं तर बोटांतून एखादाच थेंब निघावा, इतकीच ओल हवी. दाणा साधारण 3 मिलिमीटर खोल टाकून हलकंसं झाका. उगवणीला 21 ते 24 अंश तापमान लागतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखाली ट्रे ठेवू नका, शेडनेटची सावली बघा. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकून राहतं. ते ओढून काढू नका, पाने तुटतात. सकाळी फवाऱ्याने ओलं करा, मऊ झालं की आपोआप गळतं.

आता पाण्याचं. जिरेनियम तहानेने क्वचितच मरतं, पाण्याने मरतं. एका वर्षी मी संध्याकाळी ट्रे भिजवत राहिलो. चौथ्या-पाचव्या दिवशी रोपांचे बुंधे मातीलगत शाईसारखे काळे झाले आणि रोपं आडवी पडली. अर्धे ट्रे गेले. तेव्हापासून पाणी सकाळीच देतो, तेही वरचा थर फिकट पडल्यावर. काळा बुंधा दिसला की ते रोप मातीसकट उचलून लांब टाका, त्याला औषध देत बसू नका. पेरणीआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवर घालणारी मित्रबुरशी, मिसळून ठेवलेला बरा.

बियातून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची दोन खरी पानं आली की आठवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम पुरे. युरियाच्या नादी लागू नका, नुसता पाला माजतो. चार-पाच पानांवर सहा ते आठ इंची कुंडीत हलवा, खाली भोकं हवीतच. वाफ्यात लावायचं तर काळ्या जमिनीत वीतभर उंच गादीवाफा करून दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. जमीन भारी असेल तर चाळलेली वाळू आणि कुजलेलं शेणखत सढळ हाताने घाला. शेंडा खुडायची घाई नको: बियांपासूनची झाडं बहुधा आपणच फुटवे काढतात, आणि खुडलं की फूल लांबतं.

निदान पाच-सहा तास ऊन मिळालंच पाहिजे. एकेरी पाकळ्यांचं फूल पिकलं की हात लागताच गळतं, म्हणून गिऱ्हाइकाला कुंडी देताना कळ्या जास्त आणि उमललेली फुलं कमी अशी निवडा. सुकलेला गुच्छ कात्रीने वरच्यावर कापू नका. दांडा मुळाशी धरून बाजूला मोडा, टचकन निघतो आणि सांध्याजवळ कूज राहत नाही.

मार्चपासून दुपारची सावली द्या. मेअखेर कुंड्या पागोळीपासून दूर, पण उजेडाच्या ओसरीत सरकवा, पावसात भिजू देऊ नका.