तागात लाल ठिपक्यांचे पतंग दिसले म्हणून फवारणीचा पंप काढू नका

वळवाच्या पावसावर पेरलेला ताग आता कमरेला लागला असेल. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडं आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावायच्या उसाआधी पुष्कळजण तो हिरवळीच्या खतासाठी, कोवळा असतानाच रानात गाडायला घेतात. अशा रानात शिरलं की पायाजवळून पांढुरके पतंग उठतात आणि चार पावलांवर पुन्हा बसतात.

एखादा जवळून बघा. दुधी पंखांवर शेंदरी-लाल ठिपके, मधेमधे काळे टिपके, जणू कुणी रांगोळीच घातली आहे. टायगर मॉथच्या कुळातला हा युटेथेइसा पुलचेला. त्याची अळी काळसर, केसाळ, अंगावर पांढऱ्या-नारिंगी खुणा. तागाच्या झाडातलं विष ती अंगात साठवते, तेच पुढं पतंगात उतरतं. तो भडक रंग म्हणजे पक्ष्यांना इशारा.

हिरवळीचा ताग असेल तर फवारणीवर एक रुपयाही घालू नका, हे मी कळकळीनं सांगतो. अळीनं चार पानं खाल्ली तरी ताग शेवटी मातीतच जाणार. 45-50 दिवसांत, फुलं लागायला लागली की ओल बघून गाडून टाका. उशीर केला तर खोड राठ होतं, कुजायला वेळ लागतो.

बियाण्याच्या तागाची गोष्ट वेगळी. तिथं अळी शेंग पोखरून आतलं बी खाते. शेंगा धरताना एक दिवसाआड सकाळी फेरी मारा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. केसांनी खाज सुटू शकते, हातात मोजे घाला. जास्तच वाटल्या तर 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवून गाळायची, पाणी घालून 100 लिटर करायचं, त्यात 200 ग्रॅम साबण. फवारा संध्याकाळीच. तागाची शेंग धरते ती मोठ्या भुंग्यांच्या जिवावर. भर दुपारी जहाल औषध मारलं तर भुंगे मरतात आणि फूल वांझ राहतं.

शेजारच्या सोयाबीनवर केसाळ अळ्या दिसल्या, तर दोष या पतंगाला देऊ नका. ती बहुधा बिहारी केसाळ अळी. लहानपणी ती एकाच पानावर घोळक्यानं बसते, पान कागदासारखं जाळीदार होतं. असं पान दिसलं की घोळक्यासकट तोडून नष्ट करा; अळ्या एकदा रानभर पांगल्या की आवरत नाहीत.