अँप घेताना वॅट नंतर बघा, आधी स्पीकरचा ओहम बघा

लाख-दीड लाखाचे स्पीकर घरी येतात आणि मग अँप (अॅम्प्लिफायर) घेताना दुकानात एकच प्रश्न, "किती वॅटचा आहे?" हे बघून खरंच जीव हळहळतो हो. आधी स्पीकरच्या स्पेसिफिकेशनमध्ये दोन आकडे शोधा, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो, डीबी म्हणजे डेसिबलमध्ये) आणि मिनिमम इम्पीडन्स (करंटला स्पीकरचा विरोध कमीत कमी किती, ओहममध्ये).

केईएफ कंपनीचा एलएस५० मेटा हा स्पीकर घ्या. सेन्सिटिव्हिटी ८५ डीबी, इम्पीडन्स ८ ओहम, पण पुढेच लिहिलंय मिनिमम ३.५ ओहम, आणि खरी गोम तिथेच आहे. काही फ्रिक्वेन्सीला हा स्पीकर ३.५ ओहमवर उतरतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला अँपकडून दुपटीहून जास्त करंट ओढतो, मग पॉवर सप्लाय तोकडा असेल तर अँपची तिथेच दमछाक होते. म्हणून अँपचे ८ ओहम आणि ४ ओहमचे वॅट शेजारी ठेवून बघा. ८ ला ८० आणि ४ ला १४०-१५० असेल तर अँपात जोर आहे. ४ ओहमचा आकडाच दिला नसेल तर मी तरी पुढे जाणार नाही.

आता वॅट. ८५ डीबी म्हणजे साधारण १ वॅटला १ मीटरवर ८५. वॅट डबल केले की फक्त ३ डीबी वाढतात, दहापट केले की १०, म्हणजे १०० वॅटला १०५. आपण बसतो तीन मीटरवर, दोन स्पीकर आणि भिंतींची मदत धरली तरी ५-६ डीबी गेलेच. ऐकताना सरासरी ७५-८० असते पण तबल्याची थाप १५-२० डीबी वर उसळते, ती दबली तर मजा गेली. हिशोब केला की नॉर्मल हॉलला ५० ते १०० वॅट येतात, कंपनी पण ४० ते १०० म्हणते. सेन्सिटिव्हिटी १०० डीबीच्या वर असलेला हॉर्न (भोंग्याच्या आकाराचा) स्पीकर असेल तर मात्र ८-१० वॅटचा ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) अँपसुद्धा खोली भरून टाकतो. ट्यूबला मागे ४ आणि ८ ओहमचे वेगळे टॅप, म्हणजे स्पीकर जोडायच्या जागा असतात, दोन्हीवर ऐकून बघा.

एव्ही रिसीव्हरच्या (होम थिएटरच्या अँपच्या) बॉक्सवरचे मोठे वॅट बरेचदा एकाच चॅनेलचे आणि १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाज तेवढा बिघडलेला असताना) मोजलेले असतात, दोन्ही चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असा आकडा मागा. आणि कमी वॅटचा अँप सेफ असतो हा गैरसमज काढून टाका, तो ताणून वाजवला की क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं छाटली जातात, आणि जळतो बिचारा ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर).

केबलवर फार खर्च नको, तीन-चार मीटरला २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची बास.

शेवटी डेमो घरीच मागा, आपल्याच स्पीकरवर. दोन अँप कंपेअर करताना पिंक नॉइज (टेस्टसाठीचा एकसारखा खरखराट) लावून फोनच्या एसपीएल (आवाजाची पातळी मोजणाऱ्या) अॅपवर आवाज सारखा करा, कारण एखाद डीबीने मोठा वाजणारा अँप कायम भारी वाटतो.