वॉरंटीतली गाडी गावच्या मिस्त्रीकडे नेताय? या चुका टाळा

नवी गाडी घेतली की चावीसोबत एक ताकीदही मिळते: "बाहेर कुठं काम केलं तर वॉरंटी खतम, भाऊ." नागपुरात राहणाऱ्याला तिचं काही वाटत नाही, कारण तिथं सर्व्हिस सेंटर दोन चौक सोडून असतं. सिरोंच्याच्या माणसाला मात्र जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे गडचिरोली, गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. ऑइल बदलायला एवढी वारी कोण करणार? मग लोक दोनपैकी एक करतात. एक तर सर्व्हिसिंग पुढं ढकलत राहतात, नाही तर गुपचूप गावातल्या मिस्त्रीकडून काम उरकतात आणि कुठं बोलत नाहीत. वॉरंटी खरी धोक्यात येते ती या ढकलण्यानं आणि या लपवालपवीनं. मिस्त्रीचा हात लागल्यानं ती आपोआप जात नाही.

ताकीद हाच कायदा समजणे

बाजारात कंपन्यांची मनमानी रोखणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी एका मोठ्या प्रकरणात निकाल दिला. २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी तीन कार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली होती, चौकशी वाढत गेली आणि शेवटी चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड झाला. दंडापेक्षा आपल्या कामाचा आहे तो आदेशाचा दुसरा भाग. गाडी स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्त केली एवढ्याच कारणानं वॉरंटी रद्द होईल अशी सरसकट अट कंपनीनं घालू नये, असं आयोगानं सांगितलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळं नुकसान झालं असेल, तर त्या नुकसानीपुरती वॉरंटी कंपनी नाकारू शकते.

कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंडाचं गणित बदलून रक्कम कमी केली, पण कंपन्यांचं वागणं चुकीचं होतं हा निष्कर्ष कायम ठेवला. पुढंही कोर्टकचेरी चालूच राहिली. म्हणून हा आदेश काउंटरवर आपटला की लगेच गिअरबॉक्स फुकट बदलून मिळेल, अशा भ्रमात राहू नका. त्याचा उपयोग प्रश्न नीट विचारायला होतो: माझा कोणता पार्ट बिघडला, आणि तो बाहेरच्या कोणत्या कामामुळं बिघडला?

बाहेर ब्रेक पॅड टाकले म्हणून एसीचा कॉम्प्रेसर वॉरंटीत बसत नाही, असं कुणी म्हणत असेल तर दोन्हींचा संबंध त्यानं दाखवायचा. उलट, मिस्त्रीनं टाकलेला लोकल क्लच जळला तर तो कंपनीकडं मागण्यात अर्थ नाही.

बिल न घेणे

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त लोक करतात. गावातला मिस्त्री ओळखीचा, त्याला बिल मागायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. "आपल्यात काय बिल मागता, दादा" असं तोही म्हणतो. पण दीड वर्षानं इंजिन आवाज करू लागलं आणि सर्व्हिस सेंटरनं विचारलं की दहा हजार किलोमीटरचं ऑइल कधी बदललं, तर तुमच्याकडं दाखवायला काय असतं? कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्या रकान्यात काहीच नसतं. ऑइल बदललंच नाही, असं ते सरळ धरून चालतात.

छोट्या गॅरेजला जीएसटी नंबर नसेल तरी अडचण नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा लागतच नाही. साध्या बिलबुकावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, केलेलं काम, ऑइलचा ग्रेड आणि गॅरेजचा शिक्का-सही एवढं आलं तरी तो कागद पुराव्याला चालतो. ऑइल आणि फिल्टर मात्र तालुक्याच्या दुकानातून स्वतः पक्क्या बिलावर घ्या आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. त्यानं दोन कामं होतात: पार्टचा पुरावा मिळतो आणि डुप्लिकेट मालाचा धोका कमी होतो. काम चालू असताना मीटरचं रीडिंग, ऑइलच्या डब्याचं लेबल आणि फिल्टरचं खोकं यांचे फोटो काढून ठेवा. मोबाईलमध्ये तारीख आपोआप पडते.

तारखेवरून आठवलं. सर्व्हिस बुकात "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं असतं. गावातली गाडी लग्नकार्याला आणि दवाखान्यालाच निघते, वर्षात चार हजारही पळत नाही, म्हणून लोक किलोमीटरची वाट बघत बसतात. महिने भरले की सर्व्हिसिंग चुकलीच.

"ऑइल ते ऑइलच असते"

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ आहेत, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमांत बसणाऱ्या. त्यातल्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात तो. अडकलेली काजळी इंजिन अधूनमधून जाळून टाकतं, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती तिथंच साचते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं आणि त्याचा ग्रेड मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. मिस्त्रीनं ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बॅरलमधलं ऑइल भरलं तर डीपीएफ लवकर चोंदतो. तो बदलायचा खर्च ऐकून घाम फुटेल. इथं कंपनीनं वॉरंटी नाकारली तर ती बरोबर असते, हे कडू वाटलं तरी खरं आहे. पेट्रोल गाडीचंही तसंच. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलं असताना "आपल्या उन्हाळ्याला जाड ऑइल बरं" म्हणून २०डब्ल्यू-४० भरणारे मिस्त्री कमी नाहीत. अकोला-चंद्रपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी ग्रेड ठरवायचा पुस्तिकेनं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडच्या खाऱ्या-जड पाण्याचा थर आत बसतो, इंजिन तापतं, आणि रेडिएटर उघडल्यावर तो थर सर्व्हिस सेंटरवाल्याला लगेच दिसतो.

एअर फिल्टरकडं तर जास्तच लक्ष हवं. पांदण रस्त्याचा फुफाटा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत उडणारे तंतू यांमुळं तो ठरल्या वेळेच्या आधीच भरतो. धुळीच्या रस्त्यावर तो लवकर बदलायची सूचना बहुतेक पुस्तिकांत असते. दुसरी गोष्ट अशी की कमी-जास्त मापाचा लोकल फिल्टर कडेनं धूळ आत सोडतो, आणि इंजिनात धूळ सापडली की वाद तिथंच संपतो.

ओरिजिनल आणि लोकल एवढंच माहीत असणे

मधला एक वर्ग आहे. बरेच पार्ट कार कंपनी स्वतः बनवत नाही. बॉश, ल्युकास-टीव्हीएस यांसारखे उत्पादक ते बनवून तिला पुरवतात, आणि त्यांचा माल त्यांच्याच खोक्यात बाजारातही मिळतो. दर्जाची हमी त्यांची, दर बहुधा कमी. कंपनीच्या खोक्यातला पार्ट परवडत नसेल तर हा घ्या. भीती आहे ती कंपनीचं नाव छापून विकल्या जाणाऱ्या नकली मालाची. खोक्यावर पार्ट नंबर आणि कमाल किंमत नीट छापलेली नसेल, आणि दुकानदार बिल द्यायला कां-कू करत असेल, तर सरळ उठून या.

वायर कापू देणे

टेप, रिव्हर्स कॅमेरा, जादा फोकसचे लाइट ही कामं बाहेर खुशाल करा, पण कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग, लावून. वायर सोलून चिकटपट्टी गुंडाळली असेल तर पुढं कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड तुमच्या माथी मारायला सर्व्हिस सेंटरला आयतं निमित्त मिळतं. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आरटीओतून आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीलाही कळवा.

उंदरांनी कुरतडलेली वायर वॉरंटीत येत नाही. ती विम्यात बसते का, ते पॉलिसी वाचून बघा.

बिघडलेला पार्ट आधीच खोलणे

नेहमीची सर्व्हिसिंग वेगळी आणि मोठा बिघाड वेगळा. इंजिन, गिअरबॉक्स किंवा स्टिअरिंगचं काही झालं तर मिस्त्रीला नट-बोल्टही फिरवू देऊ नका. एकदा उघडलं की दोष मुळातला होता की खोलताना झाला, हे सांगणं अवघड होऊन बसतं. विम्यासोबत किंवा कंपनीकडून रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर फोन लावून गाडी टोचन करून न्या. लाल दिवा लागल्यावर "घर तर आलंच" म्हणून गाडी दामटणं हीसुद्धा तशीच चूक. पहिला बिघाड वॉरंटीत बसला तरी दामटल्यामुळं वाढलेलं नुकसान कंपनी नाकारते.

तोंडी नकार ऐकून परत येणे

"नाही होत, साहेब" एवढं ऐकून माणूस पैसे भरतो आणि घरी येतो. तसं करू नका. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या कागदावर, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. वॉरंटी का नाकारली, कोणता पार्ट, कोणत्या बाहेरच्या कामामुळं, हे लेखी मागा. दिलं नाही तर तिथंच उभं राहून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि कागद स्पीड पोस्टनं पाठवा. अनेकदा लेखी मागताच आवाज मवाळ होतो. पैसे भरून गाडी सोडवावीच लागली तर बिलावर "हक्क राखून" असं लिहून सही करा आणि जुना पार्ट मागून घ्या.

बॅटरी आणि टायरची हमी बहुधा त्यांच्या उत्पादकाची असते. जादा पैसे भरून घेतलेल्या वाढीव वॉरंटीच्या अटीही वेगळ्या असतात, त्या घेण्याआधीच वाचा.

पुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. शोरूम नागपूरचं असलं तरी वाशिमच्या माणसाला वाशिममध्येच दाद मागता येते. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडं चालते. गाडी ५ लाखांच्या आतली असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. गरज पडली तर आयोग पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणूनच तो जुना पार्ट भंगारात देऊ नका.

गाडी प्रवासी वाहतुकीला किंवा भाजीपाला न्यायला लावली असेल तर तक्रारीच्या पहिल्या पानावरच लिहा की ती मी स्वतः चालवतो आणि माझं पोट तिच्यावर आहे. स्वयंरोजगारानं उपजीविका करणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच लागू. हे वाक्य राहून गेलं तर कंपनीचा वकील "हा व्यावसायिक वापर आहे, हा ग्राहकच नव्हे" इथूनच सुरुवात करतो.